शेतावरचे दुकान आणि खानावळ : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी २०२३ ते जानेवारी २०२४

१२ फेब्रुवारी २०२३, रविवार

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गापासून अर्धा किलोमीटर आत आमची सहा एकर जमीन आहे. त्यातली चार एकर भाताची खाचरे, एका एकरात भाजीपाला, आणि उरलेल्या एकरात आंब्याची चौदा झाडे, विहीर, गोठा व खळे. शेत अण्णा (माझे सासरे) आणि भाऊजी पाहतात. यजमानांची नोकरी आणि मुलांच्या शाळा यांमुळे आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो आणि शनिवार-रविवारी गावी येतो. मी बारा वर्षे ठाण्यातील एका कार्यालयात हिशेबाचे काम केले असल्यामुळे या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आज सकाळी ओटीवर बसून भाताचा हिशेब मांडला. यंदाच्या हंगामात साधारण प्रतीच्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,०४० रुपये आहे. तेच भात गिरणीवर नेले तर क्विंटलमागे आम्हाला ५४ किलो अखंड तांदूळ आणि ९ किलो कणी मिळते, बाकी तूस आणि कोंडा. ठाण्यातील ओळखीची घरे हाच तांदूळ ५८ रुपये किलोने घेतात. कणीचे २६ रुपये धरले, तर एकूण ३,३६६ रुपये होतात. त्यातून भरडाई, निवडणे आणि पिशव्या यांचे ३५० रुपये वजा केले, तरी हातात ३,०१६ रुपये राहतात. म्हणजे भात न विकता तांदूळ विकला, एवढ्यानेच क्विंटलमागे हजारभर रुपयांचा फरक पडतो. भाऊजींचे म्हणणे असे की, तांदळाऐवजी शिजलेला भात विकला तर फरक आणखी मोठा होईल. तिथूनच दुकान आणि खानावळ यांचा विषय निघाला.

मी एकच अट घातली. शेत, दुकान आणि खानावळ यांच्या वह्या वेगवेगळ्या राहतील, आणि शेतातून दुकानात किंवा खानावळीत गेलेला प्रत्येक किलो त्या दिवशीच्या भावाने विकला गेला असे धरून दोन्हीकडे लिहिला जाईल. आई (सासूबाई) हसल्या. "आपलाच तांदूळ आपणच विकत घ्यायचा, हे कुठले शहाणपण?" असे त्या म्हणाल्या. अट मान्य झाली, पण ती पटली म्हणून नव्हे, सुनेला दुखवायचे नाही म्हणून झाली, असे माझे मत आहे.

२६ फेब्रुवारी

मुरबाडची भेंडी परदेशी जाते, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. दलाल सकाळी बांधावर येतो आणि सरळ, कोवळी, गडद हिरवी, बोटाएवढी भेंडी निवडून घेतो. वाकडी, थोडी लांबलेली किंवा डाग पडलेली भेंडी जाळीतच राहते, आणि तिच्यासाठी कल्याणच्या बाजाराला फेरी मारली तर टेम्पोचे भाडेही निघत नाही. आठ दिवस वजन करून पाहिले. तोडलेल्या मालाचा जवळजवळ चौथा हिस्सा असा मागे राहतो. भेंडी वाकडी असली तरी चवीला वाकडी नसते. खानावळीच्या भाजीसाठी हा चौथा हिस्सा वापरता आला, तर आज जनावरांपुढे जाणाऱ्या मालाला किंमत येईल. शेताच्या वहीत हा माल कोणत्या भावाने लिहायचा, यावर बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी कल्याणच्या बाजारातील दुय्यम मालाच्या निम्म्या भावावर एकमत झाले.

९ मार्च

सातबाऱ्यावर अण्णांसोबत त्यांच्या दोन बहिणींचीही नावे आहेत. बँकेला आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला त्यांचे संमतिपत्र लागेल. धाकट्या आत्यांनी लगेच सही केली. कळव्याच्या मोठ्या आत्यांनी मात्र आम्हाला बसवून घेतले, चहा दिला, सगळा बेत दोनदा ऐकला आणि मग विचारले, की इतकी वर्षे दर पौषात येणारी त्यांची तांदळाची दोन पोती आणि पायलीभर वाल यापुढेही येणार, की तेही दुकानात विकले जाणार. अण्णांनी हात जोडून शब्द दिला आणि सही झाली.

२२ मार्च, गुढीपाडवा

जागेवर नारळ फोडला. शेड महामार्गाजवळ असावी असे भाऊजींना वाटत होते, कारण गाडी थांबली तरच गिऱ्हाईक उतरते. परंतु महामार्गालगत बांधकामासाठी ठरावीक अंतर सोडावे लागते आणि आमच्या मालकीचा तिथला तुकडा त्यातच संपतो. त्यामुळे खळ्याच्या बाजूची उंचवट्याची जागा नक्की केली. आता वाटते की हेच बरे झाले, कारण जेवायला येणाऱ्याला खाचरे, आंबे आणि विहीर दिसली नाहीत, तर तो आमच्याकडे येऊन ढाब्यापेक्षा वेगळे काय पाहणार?

शेड ४० फूट लांब आणि २४ फूट रुंद. जोते अडीच फूट उचलले आहे, कारण आषाढात या उतारावरून पाणी चादरीसारखे वाहते. स्वयंपाकघरावर पत्रा आणि बसण्याच्या जागेवर मंगलोरी कौले घालायची, हा आग्रह जाऊबाईंचा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, मग वाढप्याला भाकरी मागायची कशी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. सगळ्यात मोठा खर्च अपेक्षेप्रमाणे स्वयंपाकघराचा झाला नाही, तो स्वच्छतागृहांचा आणि सांडपाण्याचा निघाला. तेलकट पाणी आधी एका चेंबरमध्ये थांबून वरचा तवंग वेगळा व्हावा आणि मगच शोषखड्ड्यात जावे, अशी रचना केली. नाही तर दोन महिन्यांत शोषखड्डा तुंबतो, हे गवंड्याने अनुभवावरून सांगितले.

एकूण अंदाज आठ लाखांचा असून साडेपाच लाख बँकेचे कर्ज आहे. हप्ता महिन्याला ११,८०० रुपये, पाच वर्षे.

३ एप्रिल

कागदपत्रांचा दिवस. शेतकऱ्याने स्वतःचा कच्चा शेतमाल विकण्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी लागत नाही, पण मसाला कुटला, पापड लाटला किंवा ताट वाढले की ती लागते. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असल्यास साधी नोंदणी पुरते आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. त्यापुढे परवाना घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरला. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापणे २०२२ पासून बंधनकारक असल्यामुळे बिलबुके आत्ताच छापायला दिली नाहीत. वस्तू व सेवा कराची नोंदणी आमच्या अपेक्षित उलाढालीला लागत नाही.

विजेचा मुद्दा आम्ही विसरलो होतो. विहिरीवरच्या पंपाची जोडणी शेतीच्या दराची आहे, त्यावर खानावळीचा फ्रीज चालवता येत नाही. वाणिज्यिक दराचे वेगळे मीटर घ्यावे लागणार. गॅसचेही तसेच, घरगुती १४.२ किलोची टाकी चालत नाही, १९ किलोची व्यावसायिक टाकी लागते. ही दोन्ही कलमे अंदाजपत्रकात नव्हती, आणि चूक माझी होती.

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली केंद्र म्हणून नोंदणी करायची का, यावर विचार झाला. किमान एक एकर शेतीची अट आम्ही सहज पूर्ण करतो. मात्र राहण्याच्या खोल्या यंदा बांधायच्या नाहीत असे ठरल्यामुळे हा अर्ज पुढच्या वर्षावर टाकला.

२२ एप्रिल, अक्षय्य तृतीया

दुकान सुरू झाले. तांदूळ, कणी, वाल, तिळाची चटणी, कुळीथ, भेंडी, काकडी, दुधी. पहिल्या दिवशीची विक्री ६,१४० रुपये, त्यात निम्म्याहून अधिक नातेवाईक. नातेवाइकांकडूनही पूर्ण पैसे घेतले, याची आईंना अजून चुटपुट आहे.

१४ मे

विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. पाण्यात कोलिफॉर्म जंतू आढळले असून पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तीन पिढ्या हे पाणी प्यायलो, कोणाला काही झाले नाही, असे अण्णा म्हणाले. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना घेऊन विहिरीपासून गोठ्यापर्यंतचा उतार चालत पाहिला. शेणखताचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, जेमतेम पन्नास फुटांवर आहे. पावसात त्याचा निचरा कुठे जात असेल हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. खड्डा आता खालच्या बांधाला हलवला आहे, विहिरीचे कठडे वर उचलून त्याभोवती कोबा केला, पाणी उपसून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली आणि स्वयंपाकघराच्या टाकीपुढे गाळणी व अतिनील दिव्याचे यंत्र बसवले. या सगळ्याला ४१,००० रुपये लागले. पुन्हा तपासणी होईपर्यंत खानावळ उघडायची नाही, असे ठरले.

दुकानात आंबा आहे तोपर्यंत गर्दी आहे. रायवळ आंबा ठाण्याची माणसे रस काढायला आवडीने घेतात, हे मात्र आम्हाला अनपेक्षित होते.

११ जून, रविवार

पाण्याचा दुसरा अहवाल चांगला आल्यामुळे आज खानावळ उघडली. शनिवार, रविवार आणि सुट्टीचे दिवस एवढेच वार, दुपारी बारा ते चार. शाकाहारी थाळी २२० रुपये, कोंबडीची ३५० रुपये.

वळवाच्या दोन सरी झाल्या आणि ठाकरवाडीवरच्या बाया शेवळ्यांच्या जुड्या घेऊन दारात आल्या. जूनच्या आरंभी जेमतेम तीन आठवडे मिळणारी ही रानभाजी ठाण्याच्या जुन्या वस्तीतल्या घरांमध्ये इतकी लाडकी आहे की, ती थाळीत आहे हे कळल्यावर दोन कुटुंबे केवळ तिच्यासाठी आली. ती करणे मात्र सोपे नाही. वरचे आवरण सोलायचे, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, आणि खाज मोडण्यासाठी काकडाची आंबट फळे किंवा भरपूर चिंच घालायची. शेवळ्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा त्यांनीच खवखवतो. आज घाईत दुसऱ्या पातेल्याला काकड कमी पडले. तीन गिऱ्हाइकांनी घसा धरला. त्यांना ताक आणि गूळ दिला, पैसे परत केले आणि पातेले रिकामे केले. आईंनी स्वतःला दोष दिला. दोष त्यांचा नव्हता, चाळीस माणसांची शेवळी सोलायला आम्ही दोनच बायका बसवल्या होत्या.

फळ्याची कल्पना आजच सुचली. दारात काळा फळा लावून त्याचे दोन भाग केले, ‘आज आपल्या शेतातले’ आणि ‘आज बाहेरून घेतलेले’. तेल, मसाल्याची मिरची, सुका जवळा, कांदा हे दुसऱ्या भागात लिहिले. शेवळी आणि काकडही तिथेच लिहिली, कोणाकडून घेतली याच्यासह. भाऊजींना हा फळा म्हणजे धंद्याच्या पायावर धोंडा वाटतो.

२ जुलै

मान्सून यंदा २५ जूनला मुंबई-ठाण्यात पोचला, आणि पुढच्याच रविवारी माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली. आज ९४ ताटे झाली. नाणेघाट आणि गोरखगडावरून परतणारी चिखलाने माखलेली मुले आली, त्यांच्यासाठी हातपाय धुण्याचा नळ बाहेर हवा.

कोंबड्यांचा प्रश्न मात्र उभा राहिला. आमच्याकडे गावठी कोंबड्या चाळीस, आणि एका रविवारी बारा ते पंधरा लागतात. एक कोंबडी तयार व्हायला पाच-सहा महिने जातात, म्हणजे आपल्या कोंबड्या महिनाभरही पुरणार नाहीत. भाऊजींनी आठवडी बाजारातून आणलेल्या कोंबड्या फळ्याच्या पहिल्या भागात लिहिल्या. मी त्या पुसून दुसऱ्या भागात लिहिल्या. दोन तास आम्ही एकमेकांशी बोललो नाही. जेवून निघालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी फळा वाचून, "बाहेरच्या आहेत हे लिहिलेत, म्हणून आतल्या वालांवर विश्वास बसला," असे म्हटले आणि दोन किलो वाल नेले. हे मी मुद्दाम मोठ्याने ऐकवले नाही, पण भाऊजी तिथेच उभे होते.

१६ जुलै, रविवार

दीप अमावास्या उद्या सोमवारी असल्यामुळे गटारी आजच साजरी झाली. सकाळी अकरापासून गाड्या येऊ लागल्या. आणि आजच आमच्या आवणीचा, म्हणजे भातलावणीचा, पहिला दिवस होता.

पाऊस उशिरा आल्यामुळे राबातली (भाताच्या रोपवाटिकेतली) रोपे आत्ता कुठे लावणीला आली, आणि एकदा आली की थांबता येत नाही. रोप वीस-पंचवीस दिवसांपुढे गेले की फुटवे कमी पडतात. चार एकरांच्या आवणीला रोज अठरा-वीस माणसे हवीत. या दिवसांत सगळ्या गावाला माणसे हवी असतात, त्यामुळे मजुरी वाढते ती वाढतेच, शिवाय माणूसही मिळत नाही. आमच्या भाकऱ्या थापणाऱ्या चार बायका म्हणजेच आमच्या आवणीच्या चार सर्वांत हातचलाख बायका. त्यांना चुलीपुढे बसवले तर खाचर राहते, खाचरात उतरवले तर चूल विझते. अण्णा सकाळीच पावसात खाचराच्या बांधावर उभे राहिले आणि एक शब्दही न बोलता शेडकडे पाहत राहिले.

दुपारी एकपर्यंत ५८ ताटे झाली. मग भाकरीचे पीठ होते, पण थापायला हात नव्हते. मी आणि जाऊबाईंनी थापल्या. माझ्या भाकऱ्या गोल झाल्या नाहीत, पण फुगल्या. दीड वाजता फळ्यावर ‘आज जेवण संपले’ असे लिहिले आणि सतरा माणसांना परत पाठवले. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रविवारी.

२० जुलै

काल दिवसभर असा पाऊस झाला की आमच्या ओढ्याचे पाणी खळ्याच्या पायरीपर्यंत आले. बदलापूरला उल्हास नदी दुथडी भरून वाहत असल्याच्या बातम्या येत होत्या. रायगडमध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळल्याचे आज सकाळी समजले. त्या डोंगराचा उतार आणि आमच्या मागच्या डोंगराचा उतार वेगळा नाही. सायंकाळी सगळे शांतपणे जेवलो.

शनिवार-रविवार (२२ आणि २३) खानावळ बंद. आवणी पूर्ण करायची. हा निर्णय अण्णांचा, आणि या खेपेस कोणी विरोध केला नाही. जोत्याची अडीच फूट उंची पुरली.

६ ऑगस्ट

अधिक श्रावण १८ जुलैला लागला. तो संपल्यावर लगेच निज श्रावण. म्हणजे जवळजवळ दोन महिने अनेक घरांत मांसाहार नाही, आणि आमचे भाकित कोंबडीच्या थाळीवर उभे होते. पंचांग स्वयंपाकघरात टांगलेले असूनही हिशेब करताना कोणी ते पाहिले नाही.

उपाय शेतानेच दाखवला. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, कंटोळी या रानभाज्यांचा हा ऐन मोसम आहे. त्यांतून आळीपाळीने दोन, वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी, भात आणि ताक अशी ‘श्रावणथाळी’ केली, २२० रुपयांतच. आश्चर्य म्हणजे कोंबडीच्या थाळीपेक्षा हिच्यात उरते जास्त. खर्च पिकात नाही, हातांत आहे. बिरड्याचे वाल भिजवून, मोड आणून एकेक दाणा सोलावा लागतो, आणि एका किलोला एका माणसाची अर्धी दुपार जाते. वस्तीतल्या पाच आज्या रोज दुपारी ओट्यावर बसून किलोच्या दराने वाल सोलतात. त्यांच्या गप्पा ऐकायला गिऱ्हाइके थांबतात, याची किंमत मात्र कोणत्याही वहीत येत नाही.

३ सप्टेंबर

ऑगस्ट कोरडा गेला. खाचरांना भेगा पडू लागल्या, विहिरीवरून दोन रात्री पाणी दिले.

आज खानावळीचा पहिला हिशेब मांडला. ११ जूनपासून २४ दिवस खानावळ चालू होती. १,१८० ताटे, विक्री २,९८,४०० रुपये. बाहेरून आणलेला माल १,०२,६००, मजुरी ७१,५००, गॅस, वीज आणि किरकोळ २४,३०० रुपये. भाऊजींनी कागदावर वजाबाकी केली आणि "वहिनी, लाख रुपये सुटले. बरोब्बर लाख!" असे म्हणत पेढे आणायला निघाले.

मी त्यांना थांबवले. खानावळीने शेताकडून आणि दुकानाकडून ५८,९०० रुपयांचा तांदूळ, कणी, वाल, भाजी आणि दूध घेतले होते. हे सगळे खानावळीत गेले नसते, तर दुकानात विकले गेले असते. म्हणून तेही खर्चात धरावे लागते. मग उरतात ४१,१०० रुपये. त्यातून तीन महिन्यांचे हप्ते, ३५,४०० रुपये. उरले ५,७००. आणि यात आई, जाऊबाई, भाऊजी आणि मी यांच्या एका तासाचीही मजुरी धरलेली नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आईंनी फेब्रुवारीत हसण्यावारी नेलेली गोष्ट स्वतःच बोलून दाखवली. "म्हणजे तीन वह्या नसत्या, तर आपण भात खाऊन पैसे मिळवले असे समजलो असतो," असे त्या म्हणाल्या. पेढे आले नाहीत. पण खानावळ बंद करावी असेही कोणी म्हटले नाही, कारण दुसरी बाजूही वहीत होती. वाकडी भेंडी आणि कणी यांना खानावळीने जो भाव दिला, तो बाहेर कोणी दिला नसता. नऊ किलो कणीच्या पिठातून शंभर भाकऱ्या होतात. जास्तीची भाकरी आम्ही २० रुपयांनी देतो, म्हणजे २३४ रुपयांच्या कणीची विक्री दोन हजारांवर जाते. मजुरी, लाकूड आणि करपलेल्या भाकऱ्या वजा केल्या, तरी एवढा वाढावा दुसऱ्या कोणत्याही पदार्थात नाही. आमच्या खानावळीत खरा पैसा भाकरीत आहे, कोंबडीत नाही.

ठरलेल्या गोष्टी : कोंबडीची थाळी ३९० रुपये. एका दिवशी ७० ताटांपेक्षा जास्त नाही. आदल्या दिवशी फोनवर नोंदवणाऱ्यांना पहिला मान.

२४ ऑक्टोबर, दसरा

पहिल्या लोंब्यांचे तोरण शेडला बांधले. हळवे (लवकर तयार होणारे) भात कापणीला आले आहे.

५ नोव्हेंबर

झोडणी चालू आहे. उतारा गेल्या वर्षीपेक्षा एकरी दीड क्विंटलने कमी. ऑगस्टची उघडीप नडली, आणि उशिरा लावलेल्या दोन खाचरांत लोंब्या पोचट निघाल्या. त्या दोन खाचरांची आवणी १६ जुलैला व्हायची होती, ती २४ जुलैला झाली. यात खानावळीचा वाटा किती आणि पावसाचा किती, हे वजन करून सांगता येणार नाही, पण अण्णांना वाटते तेवढा आणि भाऊजींना वाटतो तेवढा, या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी तो आहे.

यंदा आधारभूत किंमत २,१८३ रुपये आहे. तरीही घरची चार पोती बियाण्याला ठेवून बाकी सगळे भात कणगीतच ठेवायचे ठरले. नवा तांदूळ भाताला गिचका होतो, भाकरीला मात्र तोच हवा. थाळीच्या भातासाठी वर्षभर मुरलेला तांदूळ लागतो. त्यामुळे पोत्यांवर रंगाने वर्ष लिहायला सुरुवात केली.

लहान भातगिरणी स्वतःची असावी, हा विचार पुढे आला आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे आणि किमान १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. अनुदान कर्जाशी जोडलेले असल्यामुळे दुसरा हप्ता डोक्यावर येईल. ५,७०० रुपयांच्या शिलकीवर दुसरा हप्ता घ्यायचा नाही, असे मी स्पष्ट सांगितले. विषय मार्चपर्यंत बंद.

२८ नोव्हेंबर

२६ तारखेच्या रात्री अवकाळी पाऊस झाला. खळ्यावर उघडा असलेला पेंढा भिजला. भात आत होते. वाल नुकताच पेरला होता, त्याला मात्र हा पाऊस लाभला.

रविवारी गिऱ्हाईक नव्हते. हिवाळ्यात माळशेजची गर्दी ओसरते, हे आम्ही गृहीत धरले होते, इतकी ओसरेल हे नव्हते. नोव्हेंबरची सरासरी दिवसाला २३ ताटे. घोडबंदर रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांनी दर शनिवारी तांदूळ, पीठ आणि भाजी पोचवण्याची मागणी केली आहे. यजमान तसेही शुक्रवारी रात्री ठाण्याहून गावी येतात, आता शनिवारी सकाळी उलट फेरी मारतील. थंडीचे चार महिने दुकानाने खानावळीला सांभाळायचे आणि पावसाचे तीन महिने खानावळीने दुकानाला, असे तूर्त दिसते.

२८ जानेवारी २०२४, रविवार

पौष पौर्णिमेला, २५ तारखेला तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा सुरू झाली. बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी दूरदूरची माणसे येतात, त्यांतली काही आमच्याकडेही वळली. चार दिवसांत २११ ताटे. पैकी निम्म्या लोकांनी थाळी न घेता नुसती भाकरी, पिठले आणि ठेचा मागितला. जत्रेचा माणूस लवकर जेवतो आणि लवकर निघतो. पुढच्या वर्षी जत्रेपुरती थाळी ठेवायचीच नाही.

येत्या जुलैसाठीची आखणी आज लिहून घेतली. आवणीचे दोन आठवडे खानावळ बंद राहील, ती तारीख राब पाहून अण्णा सांगतील आणि त्याच दिवशी फळ्यावर व फोनवर कळवले जाईल. अर्ध्या खाचरांत हळवे आणि अर्ध्यांत गरवे (उशिरा तयार होणारे) भात घेऊन आवणी पुढेमागे करायची. भाकरीसाठी आणखी तीन बायकांना आत्तापासून हात बसवायला बोलवायचे, त्यांतल्या एक ठाकरवाडीच्या आहेत आणि शेवळी त्या आमच्यापेक्षा चांगली करतात. पंचांग माझ्या हिशेबाच्या टेबलासमोर लावले आहे.

दुपारी मोठ्या आत्यांची दोन पोती आणि पायलीभर वाल बाहेर काढले. ते कोणत्या वहीत लिहायचे, असे मी विचारले. आई म्हणाल्या, "लेकीबाळींचा वाटा वहीत लिहीत नाहीत." मी म्हटले, पोती कणगीतून कमी झाली आहेत, तर कुठे तरी दिसली पाहिजेत. अण्णा हसले आणि बाहेर निघून गेले. शेवटी शेताच्या वहीत वजन लिहिले आणि किमतीचा रकाना मोकळा सोडला. कळव्यापर्यंतचे टेम्पोचे ३०० रुपये मात्र दुकानाच्या खर्चात टाकले आहेत.